मांडीच्या हाडाला वजन लागतं

खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आलेल्या माणसाकडे मी पहिल्यांदा जाते तेव्हा पायाला हात लावायच्या आधी एक्स-रे मागते. घरच्यांना हे जरा विचित्र वाटतं. ‘डॉक्टरांनी बघितलाय की, तुम्ही व्यायाम सांगा,’ असं कुणीतरी म्हणतंच. पण मांडीच्या हाडात काय बसवलंय, ते किती लांब आहे, सिमेंट भरून बसवलंय की नुसतं ठोकून, हाड मुळात कसं आहे, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्या पायाकडून काय करून घ्यायचं ते मला ठरवता येत नाही. रेवदंडा, चौल, थेरोंडा, नागाव आणि खाडीपलीकडे मुरूडपर्यंत घरोघरी जाऊन फिजिओथेरपी करणं हे माझं काम. दवाखान्यातला लाइटबॉक्स माझ्याजवळ नसतो. पडवीतल्या उजेडाकडे एक्स-रे धरायचा आणि पेशंटसकट सगळ्यांना जवळ बोलवायचं.

सगळ्यांची नजर आधी जाते ती धातूवर. पांढराशुभ्र गोळा, त्याखाली मांडीत खोल उतरलेली दांडी. ‘बाप रे, एवढं मोठं घातलंय?’ हे ठरलेलं. मी बोट ठेवते ते दांडीच्या शेजारच्या राखाडी हाडावर. दांडी बहुधा पुढची कित्येक वर्षं आहे तशीच राहील. बदलणार आहे ते हाड. कुठे ते विरळ होईल, कुठे जाड होईल, आणि त्यातलं बरंचसं त्या माणसाच्या चालण्यावर ठरेल. खुब्याच्या ऑपरेशननं मांडीच्या हाडाची वजन पेलायची रीतच बदलते. ही गोष्ट पेशंटला कुणी बसून सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ती एकदा कळली की काठी कुठल्या हातात धरायची, उकिडवं का बसायचं नाही, हे पाठ करावं लागत नाही.

मांडीचं हाड शरीरातलं सर्वात लांब हाड, पण ते वरपासून खालपर्यंत सरळ नाही. वरच्या टोकाला ते आत वळतं. मुख्य हाडाशी साधारण १२५ ते १३० अंशांचा कोन करून एक आखूड मान निघते. मानेच्या टोकाला गोळा, आणि तो गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत. या वळणामुळे गोळ्याचा मध्य मांडीच्या हाडाच्या मधल्या रेषेपासून चारेक सेंटिमीटर आत पडतो. डॉक्टर या अंतराला ऑफसेट म्हणतात. बाहेरच्या अंगाला, कुशीवर झोपलं की गादीला टेकतं ते हाडाचं टेंगूळ असतं. कमरेच्या बाजूचे जाड स्नायू येऊन त्याला चिकटतात.

चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. उरलेलं सगळं शरीर तेव्हा उचललेल्या पायाच्या बाजूला कलंडू पाहतं. ते कलंडू नये म्हणून टेंगळाचे स्नायू बाहेरून ओढून धरतात. मासळी बाजारातली हाततागडी मधोमध न धरता एका टोकाजवळ धरली तर जे होईल तेच इथे होतं. लांब बाजूला शरीराचं वजन, आखूड बाजूला स्नायू. आखूड बाजूनं तोल राखायचा तर ओढ कितीतरी जास्त लागते, आणि तागडी धरणाऱ्या हाताला, म्हणजे खुब्याला, दोन्हींचा भार एकत्र सोसावा लागतो.

म्हणून साधं चालतानाही खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपास भार येतो. हे नुसतं कागदावरचं गणित नाही. बर्लिनमध्ये गेओर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कृत्रिम खुब्याच्या आतच भार मोजणारी यंत्रणा बसवली. पेशंट चालत होते, जिना चढत होते आणि आकडे बिनतारी बाहेर येत होते. त्यातल्या एका पेशंटला चालताना ठेच लागली, तेव्हा खुब्यावरचा भार वजनाच्या आठपटीच्या वर गेला. पन्नास किलोच्या बाईच्या हिशोबात हा भार चारशे किलोंवर जातो. तेही न पडता, नुसतं अडखळून. दारातलं सैल पायपुसणं उचला म्हणून मी घरोघरी हट्ट धरते तो या आकड्यापायी.

आता हा भार वाकड्या हाडातून जातो कसा? मानेच्या आतल्या बाजूला दाब येतो आणि बाहेरच्या बाजूला ताण. मांडीच्या हाडाचं वरचं टोक उभं चिरलं तर आत जाळी दिसते, आणि ती जाळी वाटेल तशी विणलेली नाही. झुरिकमध्ये शरीररचनेचे प्राध्यापक हेर्मान फॉन मायर यांनी १८६६च्या सुमारास अशी चिरलेली हाडं दाखवली, ती कार्ल कुलमान नावाच्या इंजिनिअरनं पाहिली. बाकदार क्रेनमध्ये दाबाच्या आणि ताणाच्या रेषा कुठून कशा जातात हे कुलमान कागदावर काढत असत. हाडातल्या जाळीत त्यांना त्याच रेषा दिसल्या. पुढे बर्लिनचे सर्जन युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली पुस्तक लिहून नियम मांडला की भार बदलला की हाडाची आतली रचनाही त्याप्रमाणे बदलते. हाडात जुनं कुरतडणाऱ्या आणि नवं घालणाऱ्या पेशींचं काम जन्मभर चालू असतं. जिथे भार येतो तिथे नवं घातलं जातं, जिथे येत नाही तिथलं हाड शरीर काढून घेतं. आजारपणात महिनाभर खाटेवर पडलेल्या माणसाच्या मांडीचं हाडही म्हणूनच विरळ होतं.

हाडाच्या जाळीतल्या या रेषा म्हातारपणी एकेक करून पुसट होत जातात. सिंग, नागरथ आणि मैनी या भारतीय डॉक्टरांनी १९७० साली त्यावरून एक सोपी पद्धत दिली. साध्या एक्स-रेवर रेषांचे गट पाहायचे. सगळे ठळक असले तर सहावी पायरी, आणि एकेक गट दिसेनासा होईल तसं खाली उतरत शेवटी पहिली. आज हाडाची घनता मोजायला डेक्सा यंत्रं आहेत आणि या पद्धतीनं मिळतो तो अंदाजच, हे मला माहीत आहे. पण पडवीत बसलेल्या बाईच्या न मोडलेल्या खुब्याकडे बघून दुसराही पाय किती जपायला हवा ते मी यावरूनच ठरवते. एकदा खुबा मोडलेल्या माणसाचा दुसरा मोडण्याची भीती इतरांपेक्षा जास्त असते.

आपल्या किनाऱ्यावर खुब्याचं ऑपरेशन मुख्यतः दोन कारणांनी होतं. सांधा खराब होणं हे एक. तरुण मुलांत गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडतो आणि गोळा आतून मरतो. एव्हीएन हे नाव आता गावातही सगळ्यांना माहीत आहे. दारू आणि बरेच दिवस घेतलेली स्टेरॉइडं ही त्याची मोठी कारणं. दुसरं कारण म्हणजे वयस्कर माणसानं पडणं, आणि माझ्याकडे जास्त येतात ते हेच. जुलैत जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, वाडीतल्या पाटांच्या कडा निसरड्या होतात, आणि न्हाणीघर अजून मागच्या दारी असतं. ज्या बायकांनी जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन धक्क्यावरची चढण केली त्या परसात सांडलेल्या पाण्यावरून घसरतात.

पूर्वी पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असत आणि पेशंटला घेऊन वडखळमार्गे रस्त्यानं मुंबई गाठावी लागे. मार्च २०२०पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाल्यावर गाडीच बोटीत घालता येते, अर्थात दर्या शांत असला तर. पैशांचीही अडचण थोडी कमी झाली. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत रायगड होता. आज तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तरी ‘वय झालंय, आता कशाला ऑपरेशन’ म्हणून म्हातारीला खाटेवर ठेवणारी, पाला बांधून वाट बघणारी घरं अजून आहेत. इथे वेळ फार महत्त्वाचा. हाड मानेत मोडलं तर गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या तिथेच तुटतात. आणि खाटेवर पडून राहण्यानं छाती भरते, पाठीला जखमा होतात, उरलंसुरलं हाडही झडतं. तब्येत सांभाळेल तितक्या लवकर, शक्यतो दोन दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं असं डॉक्टर सांगतात ते यासाठी.

मोड मानेच्या खाली, टेंगळाच्या भागात असेल तर गोळा बहुतेक वेळा जिवंत राहतो. मग हाड जुळवून पोकळीत रॉड घालतात आणि रॉडमधून एक जाड स्क्रू मानेतून थेट गोळ्यात नेतात. रॉड हाडाच्या मधोमध असल्यानं बाहेरून लावलेल्या प्लेटपेक्षा भाराच्या रेषेला जवळ असतो, त्यामुळे त्याच्यावर वाकवणारा जोर कमी येतो. त्या जाड स्क्रूला थोडं सरकू देतात, आणि ते मुद्दाम. पाय टेकला की मोडलेले तुकडे एकमेकांवर दाबले जावेत आणि दाबाखाली हाड जुळावं, अशी ती योजना आहे. स्क्रूचं टोक गोळ्याच्या मध्यावर आणि पुरेसं खोल हवं. समोरून आणि बाजूनं काढलेल्या दोन एक्स-रेंवर टोकापासून गोळ्याच्या माथ्यापर्यंतचं अंतर मोजून त्याची बेरीज २५ मिलिमीटरच्या आत असली तर स्क्रू हाड कापून बाहेर येण्याची भीती खूप कमी होते. बाउमगार्टनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली हे दाखवलं आणि सर्जन आजही ते मोजतात.

‘रॉड आहे ना आता, मग कसली काळजी?’ हा गैरसमज मी पुन्हा पुन्हा खोडते. रॉड आणि हाड भार वाटून घेतात, आणि हाड जुळेपर्यंत रॉडच्या वाट्याला तो जास्त येतो. हाड तीन-चार महिन्यांत जुळलं तर रॉडचं काम संपतं. नाही जुळलं तर प्रत्येक पावलाला रॉड थोडा वाकतो, सरळ होतो, पुन्हा वाकतो, आणि कितीही चांगला धातू असला तरी हजारो पावलांनंतर थकून तुटतो. रॉड तुटला म्हणून लोक कंपनीला नाहीतर डॉक्टरला बोल लावतात. बऱ्याचदा खरं दुखणं न जुळलेल्या हाडाचं असतं.

मान मोडली किंवा गोळाच मेला, तर गोळा काढून धातूचा बसवतात. अमेरिकेत ऑस्टिन मूर यांनी हॅरोल्ड बोलमान यांच्याबरोबर १९४० साली मांडीच्या हाडाचं वरचं टोक धातूचं बसवलं. पुढे मूर यांच्या नावाचा, दांडीत खिडक्या असलेला गोळा जगभर गेला. त्या खिडक्यांतून हाड वाढून दांडी पकडावी ही कल्पना. आपल्या सरकारी इस्पितळांत तो वर्षानुवर्षं बसवला गेला आणि जुन्या फायलींत ‘एएमपी’ अशी अक्षरं दिसतात ती त्याचीच. वाटी आणि गोळा दोन्ही बदलण्याचं ऑपरेशन खऱ्या अर्थानं उभं केलं ते इंग्लंडमधल्या रायटिंग्टनच्या जॉन चार्नली यांनी. आधी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरून पाहिलं, ते भराभर झिजलं. १९६२ साली त्यांनी जाड पॉलिथिनची वाटी आणि अवघ्या २२ मिलिमीटरचा स्टीलचा गोळा बसवायला सुरुवात केली. गोळा लहान म्हणजे घर्षणाचा जोर कमी. दांडी मांडीच्या हाडात बसवायला त्यांनी दंतवैद्य वापरतात त्या जातीचं ॲक्रिलिक सिमेंट घेतलं, आणि तेही चिकटवायला नव्हे तर हाड आणि धातू यांतली प्रत्येक फट भरून भार सगळीकडे सारखा पसरावा म्हणून.

या ऑपरेशनमध्ये मांडीच्या हाडाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी उलथापालथ होते. आधी भार गोळ्यातून मानेत, मानेतून आतल्या जाड कडेवर आणि तिथून खाली उतरत असे. आता मान कापलेली असते. भार गोळ्यातून धातूच्या दांडीत शिरतो आणि दांडी त्याला खाली नेऊन मग हाडाच्या ताब्यात देते. हाडाच्या कठीण थराचा ताठपणा एक धरला तर टायटॅनियमचा पाच-सहापट आणि स्टील किंवा कोबाल्ट-क्रोमचा दहापटीहून जास्त. दोन वस्तू शेजारी शेजारी भार घेत असल्या तर जी ताठ ती जास्त घेते. म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या भागाचं काम दांडी आपल्याकडे घेते आणि तिथलं हाड बेकार होतं. स्ट्रेस शील्डिंग म्हणतात ते हेच. वोल्फच्या नियमानं ते हाड विरळ होऊ लागतं, विशेषतः आतली कडा, आणि ते बहुतेक पहिल्या वर्षात. पुढे नवा तोल साधला की झीज मंदावते.

दांडी जितकी जाड तितकं हे जास्त. गोल दांडीची जाडी दुप्पट केली तर तिचा वाकण्याला विरोध सोळापट होतो. वयस्कर बाईच्या हाडाची पोकळी आधीच रुंद झालेली असते, ती भरायला जाड दांडी लागते, आणि जिथे हाड आधीच कमी तिथेच ते अधिक बेकार होतं. म्हणून निमुळत्या, आखूड, टायटॅनियमच्या, फक्त वरच्या भागालाच खरखरीत थर दिलेल्या दांड्या आल्या. भार शक्य तितक्या वरच हाडाला परत द्यायचा, हा त्यांमागचा विचार.

सिमेंट घालायचं की नाही हेही यातूनच ठरतं. सिमेंट ऑपरेशनच्या टेबलावरच दहा-पंधरा मिनिटांत घट्ट होतं, त्यामुळे सहसा दुसऱ्याच दिवशी पूर्ण वजन देता येतं. विरळ हाडाच्या म्हाताऱ्या माणसांत सिमेंटच्या दांडीभोवती हाड पुन्हा मोडण्याचा धोकाही कमी आढळला आहे. सिमेंट नसेल तर दांडी घट्ट ठोकून बसवतात आणि पुढच्या काही आठवड्यांत हाड तिच्या खरखरीत पृष्ठभागात वाढून तिला धरतं. तोवर दांडी हाडात किंचितही हलता कामा नये. हालचाल मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आत राहिली तर हाड धरतं. दीडदशांश मिलिमीटरपर्यंत गेली तर हाडाऐवजी मऊ तंतू भरतात आणि दांडी कायमची सैल राहते. पहिल्या आठवड्यांत पायावर ताबा ठेवून वळा, एकदम गिरकी घेऊ नका, असं मी ओरडून सांगते ते या सूक्ष्म हालचालीसाठी. खुर्चीतून उठताना आणि जिना चढताना तर दांडीला पिळणारा जोर येतोच.

दांडीच्या खालच्या टोकाशी उलटं घडतं. ताठ धातू संपतो आणि लवचीक हाड सुरू होतं, तिथे भार एकवटतो. तिथलं हाड काही वर्षांत जाड झालेलं एक्स-रेवर दिसतं, आणि काहींची मांडी तिथेच, मधोमध, दुखते. थेरोंड्याच्या एक मावशी मला म्हणाल्या, ‘खुबा बदलला नि दुखतंय मांडीत, हे कसं गं बाय?’ मी त्यांना नेमकी जागा बोटानं दाखवायला सांगितली. ती दांडीच्या टोकाशीच होती. बिनसिमेंटच्या खुब्यात असं दुखणं पहिल्या वर्षा-दोन वर्षांत पुष्कळदा आपोआप कमी होतं. पण बसून उठल्यावर पहिली चार पावलं कळ येते आणि मग थांबते, असं असेल, किंवा आधी नसलेलं दुखणं काही वर्षांनी नव्यानं सुरू झालं असेल, तर मी मालीश वगैरे काही करत नाही, सर्जनकडे पाठवते. ती दांडी सैल झाल्याची खूण असू शकते. पॉलिथिनच्या वाटीचे झिजलेले कण हाडापर्यंत पोचले तरी त्यांच्यामुळे शरीर हाड खाऊ लागतं. नव्या, जास्त घट्ट विणीच्या पॉलिथिननं हा त्रास बराच कमी झाला आहे.

लंगडण्याबद्दल लोक विचारायला लाजतात, म्हणून मीच विषय काढते. नवा गोळा बसवताना ते चार सेंटिमीटरचं अंतर कमी झालं तर टेंगळाचे स्नायू ढिले पडतात. आखूड बाजू आणखी आखूड होते, मग स्नायूंना आणखी जोर लावावा लागतो आणि तो झेपला नाही की दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडते. ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जननं १८९५ साली वर्णन केलेली ही चाल. अंतर जास्त ठेवलं तर स्नायू ताठ राहतात, पण दांडीला वाकवणारा जोर वाढतो. सर्जन हे सगळं तोलून दांडी निवडतात. ‘पाय लांब झाला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कित्येकांचे पाय मोजले तर सारखे भरतात. बरीच वर्षं दुखऱ्या बाजूला कंबर तिरकी ठेवून चालल्यामुळे ती तशीच आखडलेली असते. ती मोकळी व्हायला काही आठवडे द्यावे लागतात. घाईनं चपलेला उंची लावू नका.

काठी धरायची ती चांगल्या बाजूच्या हातात. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं. उजवा खुबा दुखतो तर उजवीकडे आधार हवा, असं कुणालाही वाटणारच. पण डाव्या हातातली काठी शरीराला डावीकडे कलंडू देत नाही, तेवढी उजव्या स्नायूंची ओढ वाचते, आणि खुब्यावरचा भार काठीवर दिलेल्या जोरापेक्षा कितीतरी जास्त उतरतो. अमेरिकन सर्जन वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली काठी टाकू नका, असं सांगणारा लेखच लिहिला होता. त्याच हिशोबानं पाण्याची बादली किंवा मासळीची पिशवी ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात धरायची. विरुद्ध हातातली पिशवी खुब्याला तिच्या वजनाहून खूप महाग पडते.

पुन्हा पडण्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती दांडीच्या टोकाशी होणाऱ्या मोडीमुळे. आत धातू असलेलं हाड मोडलं की जुळवणं फार अवघड. दांडी सैल नसेल तर प्लेट आणि तारा, सैल असेल तर आणखी लांब दांडी, असं ते वाढत जातं. त्याच पायाचा गुडघाही बदललेला असेल आणि त्याची दांडी वर येत असेल, तर दोन धातूंच्या मधला हाडाचा तुकडा फार जपावा लागतो. म्हणून मागच्या दारी धरायला लोखंडी पाइप, रात्रीचा दिवा आणि जूनच्या आधी पायऱ्या घासणं, एवढं करून घेतल्याशिवाय मी कुठल्या घरातलं काम संपवत नाही. धातूच्या पाकिटावरचं लेबल इस्पितळाच्या फाइलला चिकटवलेलं असतं, तेही जपून ठेवायला सांगते. आकार, कंपनी, क्रमांक त्यावर असतात आणि पुन्हा ऑपरेशनची वेळ आली तर सर्जनला ती माहिती हाताशी असावी लागते.

राहिलं उकिडवं बसणं. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची लावणी, खुरपणी उकिडवं बसून होते, वेण्या विणायच्या त्या जमिनीवर बसून, मासळी निवडायची ती पिढ्यावर. इथल्या बाईला खाली बसू नको म्हणणं म्हणजे कामच करू नको म्हणणं, आणि हे मी हलक्या मनानं कधीच सांगत नाही. पूर्ण खुबा बदलला असेल आणि मागच्या बाजूनं उघडला असेल, तर मांडी काटकोनापेक्षा जास्त वाकवून आत वळवली की धातूची मान वाटीच्या कडेवर टेकते. त्या कडेवर टेकून गोळा मागून बाहेर येऊ शकतो, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत. रॉड घातलेल्या बाईचा सांधा मात्र तिचा स्वतःचाच असतो. हाड जुळल्यावर ती सर्जनला विचारून हळूहळू खाली बसू शकते. दोन शेजारणींचं ‘खुब्याचंच ऑपरेशन’ झालेलं असतं, एक खाली बसते आणि दुसरीला मनाई असते, मग दुसरीला वाटतं आपलं बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, दोघींच्या मांडीत वेगळ्या गोष्टी आहेत. कांद्याच्या वेण्यांसाठी आम्ही गुडघ्यापेक्षा थोडं उंच बाक आणि समोर टेबल असं करून पाहिलं. हात तेवढेच चालतात, मांडी काटकोनाच्या आत राहते. खुरपणीला मात्र असा उपाय मला सापडलेला नाही. ती दुसऱ्यांवर सोपवावी लागते.

म्हणून घरी येण्याआधी सर्जनला चार गोष्टी विचाराच. वाटीही बदलली का, सिमेंट आहे का, वजन आजपासून पूर्ण द्यायचं की थोडं, आणि मांडी किती वाकवायची. डिस्चार्जच्या दिवशी बिलाची आणि गाडीची गडबड असते. आदल्या संध्याकाळच्या राउंडला विचारा आणि उत्तरं फाइलवर लिहून घ्या.